वरची खोली रात्रभर तापते, घरात ४ महिन्यांचं बाळ. एसी १ टनाचा घेऊ की दीड? लवकर सांगा

कळंबा_रिंगरोड | १४ एप्रिल, रात्री ११:५२

मंडळी, तातडीने मदत हवी आहे. बारा वाजत आलेत आणि आमच्या बेडरूमची अजून भट्टी आहे. पंखा पाचवर टाकला की वरून गरम वाफ सोडल्यासारखं होतं. बाळ अर्ध्या-अर्ध्या तासानं उठतंय, पाठभर घामोळं आलंय. गॅलरीत उभं राहिलं तर चक्क गार वारं लागतंय, आत पाऊल टाकलं की जीव नको होतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही याच खोलीत नुसत्या पंख्यावर झोपत होतो.

एसी घ्यायचं ठरवलंय. दुकानातली ऑफर रविवारी संपते. १ टन की दीड? बिल किती वाढेल? की कूलरवर भागेल? नेमकं सांगा. 'झाडं लावा' वगैरे नको.

शाहूपुरी_३री_गल्ली | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

दीड टन. इन्व्हर्टर, फाइव्ह स्टार. विषय संपला. आमच्यात तीन वर्षं आहे, काही तक्रार नाही.

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, सकाळी ७:४०

असा विषय संपत नाही. खोली किती बाय किती? वर पत्रा की स्लॅब? शेवटचा मजला का? खिडकी कुठल्या दिशेला? घर स्वतःचं की भाड्याचं? हे कळल्याशिवाय टन सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

फुलेवाडी_नाका | १५ एप्रिल, सकाळी ८:१५

भावा, एसीत पैसे घालू नकोस. आपल्याकडं दुपारची हवा कोरडी असते, कूलर मस्त चालतो. वाळ्याची ताटी लाव. एसीच्या दहाव्या हिश्शात वीज लागते. फक्त खिडकी उघडी ठेव. खोली बंद करून कूलर लावलास तर दमट हवाच आत फिरत राहते, मग लोक म्हणतात कूलर वाईट.

शाहूपुरी_३री_गल्ली | १५ एप्रिल, सकाळी ८:३१

एकदा वळीव पडला की कूलरची नुसती चिकचिक. मे महिन्यात काय करायचं? आणि टाकीत पाणी साचून डास होतात, घरात लहान बाळ आहे ते तरी बघा.

फुलेवाडी_नाका | १५ एप्रिल, सकाळी ८:४४

आठवड्याला टाकी रिकामी करून घासली तर डास कुठून होतील? आळस करायचा आणि कूलरला नावं ठेवायची हे चालणार नाही. वळवाचं मान्य. पण वळीव पडल्यावर हवाही उतरते की.

कळंबा_रिंगरोड | १५ एप्रिल, दुपारी १:२०

१० बाय १२. स्लॅब आहे. घर स्वतःचं, वडिलांनी बांधलेलं, खाली आई-बाबा, वर आम्ही. खिडकी पश्चिमेला. कूलर आणून बघितला शेजाऱ्यांचा, दुपारी बरं वाटलं, रात्री काही उपयोग नाही. टन सांगा ना कोणीतरी.

मंगळवार_पेठ_वाडा | १५ एप्रिल, दुपारी २:०२

लेकरा, आमच्या वाड्यात आजही दुपारी पांघरूण लागतं. मातीच्या हातभर जाड भिंती, वर माळा, माळ्यावर मंगलोरी कौलं. ऊन कौलाला लागतं, माळ्यातल्या हवेत जिरतं, खाली पोचतच नाही. सगळ्यांनी वाडे पाडून स्लॅब ओतले आणि आता एसी शोधत फिरतायत. बाळाला वाळ्याचं पाणी चमच्यानं पाजा, उष्णता लगेच उतरते.

स्वाती_कसबा_बावडा | १५ एप्रिल, दुपारी २:१०

मावशी, माफ करा, पण बाळ ४ महिन्यांचं आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं साधं पाणीसुद्धा द्यायचं नाही, मग वाळ्याचं तर नाहीच. उन्हाळ्यात दूध जास्त वेळा पाजायचं, आणि आईनं भरपूर पाणी प्यायचं. मूळ धागाकर्त्यांनी घामोळं डॉक्टरांना दाखवावं, परस्पर पावडरी थापू नयेत.

राजारामपुरी_१०वी | १५ एप्रिल, दुपारी २:३५

वाड्याचं कौतुक मलाही आहे, पण २०१९ च्या पुरात मातीच्या भिंती कशा बसल्या ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. शिवाय दर दोन वर्षांनी कौलं चाळायला माणूस मिळतो का आता?

मंगळवार_पेठ_वाडा | १५ एप्रिल, दुपारी ३:०१

पाण्याचं तेवढं बरोबर सांगितलंस गं स्वाती, मीच चुकले. आमच्या वेळी द्यायचे. पण वाड्याचं मी मागे घेत नाही. चांगला माणूस लावला तर कौलं गळत नाहीत.

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, दुपारी ४:२०

वाड्याचा वाद बाजूला ठेवू, पण मावशींनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: माळा. छत आणि ऊन यांच्यात हवेचा थर. तो तुमच्याकडे नाही.

कोल्हापूर साधारण १६.७ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे आत्ताचं ऊन भिंतींपेक्षा गच्ची जास्त खाते. दिवसभर शोषलेली उष्णता काँक्रीटमधून खाली यायला काही तास जातात. म्हणून बाहेर वारं सुटतं तेव्हा तुमचं छत आत उष्णता सोडत असतं. कूलर रात्री का हरला, त्याचंही उत्तर यातच आहे.

आज रात्री दहा वाजता एक करा. स्टुलावर चढून छताला तळहात लावा (आधी पंखा बंद करून), मग पश्चिमेच्या भिंतीला लावा. जास्त गरम काय ते सांगा. आणि एक प्रश्न: मागच्या उन्हाळ्यात पंख्यावर झोपत होतात म्हणता, मग मधल्या वर्षात घरात काय बदललं? शेजारची इमारत, खिडकी, गच्ची, काहीही.

उचगाव_सोलर | १५ एप्रिल, सायं ६:४५

गच्ची स्वतःची आहे ना? मग केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून सोलर पॅनल बसवा. २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर ७८,००० अनुदान. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात. पॅनलखाली सावली पडते ती वेगळीच. मी स्वतः बसवलंय, छतात फरक पडला.

कळंबा_रिंगरोड | १५ एप्रिल, रात्री १०:२५

सोलरचं नंतर बघू, आत्ता बाळाला झोप लागायला हवी आहे.

हात लावला. छत इस्त्रीसारखं आहे, हात ठेवून राहवत नाही. भिंत कोमट. खोलीत घड्याळातला थर्मामीटर ३४ दाखवतोय, गॅलरीत २६.

बदललं काहीच नाही. शेजारी प्लॉट मोकळाच आहे. गच्ची गळत होती म्हणून मागच्या जूनमध्ये वॉटरप्रूफिंग करून घेतलं तेवढंच. त्याचा गर्मीशी काय संबंध.

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, रात्री १०:३१

वॉटरप्रूफिंग कशानं केलं? ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर), की काळी डांबरी शीट?

कळंबा_रिंगरोड | १५ एप्रिल, रात्री १०:४०

शीट. काळी. बर्नरनं तापवून चिकटवली. वर काही घातलं नाही, ठेकेदार म्हणाला गरज नाही, दहा वर्षांची गॅरंटी आहे.

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, रात्री १०:५८

सापडलं. हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर काल रात्रीच सांगितलं असतं.

उघडं काळं डांबर अंगावर पडलेल्या उन्हाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग शोषतं. नव्या पांढऱ्या रिफ्लेक्टिव्ह कोटिंगवरून ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत जातं. तुमचा जुना राखाडी स्लॅब या दोघांच्या मधे कुठेतरी होता, म्हणून मागच्या वर्षी पंख्यावर भागत होतं. शीट पावसाळ्याच्या तोंडावर लागली, त्यामुळे हा तिचा पहिलाच उन्हाळा. गळती थांबवण्याचं काम तिनं केलं असेल, पण वर संरक्षक थर न देता ती उघडी सोडणं चूक आहे. उन्हानं शीटसुद्धा लवकर कडक होते, तडकते.

शाहूपुरी_३री_गल्ली | १५ एप्रिल, रात्री ११:१२

म्हणजे आता एसी नको असं म्हणणं आहे का? बाळ आज झोपायला नको?

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, रात्री ११:३०

नको असं मी म्हणालेच नाही. पण छत असंच ठेवून एसी लावला तर तो रात्रभर त्या स्लॅबशीच झुंजत बसेल आणि बिल धागाकर्ते भरतील. आधी छत, मग टन.

राजारामपुरी_१०वी | १६ एप्रिल, सकाळी ६:५५

चुना मारा! चुना आणि फेव्हिकॉल कालवून दोन हात. दीड-दोन हजारात काम. अहमदाबाद, हैदराबादला गच्च्या पांढऱ्या करायची मोहीमच आहे, तेलंगणानं तर २०२३ मध्ये कूल रूफचं धोरण आणलं. मी दर मार्चमध्ये मारतो, खालच्या खोलीत फरक जाणवतो.

सिव्हिलवाली | १६ एप्रिल, सकाळी ७:२०

तुमची गच्ची काँक्रीटची आहे, तिथे चुना उत्तम, मीही तोच सुचवते. डांबरी शीटवर मात्र चुना धरत नाही, पापुद्रे निघून पहिल्या वळवात पन्हाळीत जातो. यांना अॅक्रिलिक इलॅस्टोमेरिक (रबरासारखं ताणणारं) पांढरं कोटिंग लागेल, तेही डांबरावर चालणाऱ्या प्रायमरवर. प्रायमर टाळला तर डांबरातलं तेल वर येऊन पांढरा रंग महिनाभरात पिवळा-तपकिरी पडतो. कळंबा, कोटिंग मारण्याआधी ठेकेदाराकडून लेखी घ्या की यानं गॅरंटी जात नाही.

राजारामपुरी_१०वी | १६ एप्रिल, सकाळी ७:२६

हे माहीत नव्हतं. मान्य.

फुलेवाडी_नाका | १६ एप्रिल, सकाळी ८:००

कोटिंग होईपर्यंत गच्चीवर पाणी मारा की.

सिव्हिलवाली | १६ एप्रिल, सकाळी ८:३५

एक लिटर पाणी वाफ होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटएवढी उष्णता घेऊन जातं, त्यामुळे सूचना चांगली आहे. पण शीटवर पाणी थांबत नाही, उताराला पळतं. गोणपाट अंथरून ते भिजवा, पाणी कमी लागेल. आणि हिरवी शेडनेट लोखंडी पाइपवर दोन फूट उंच ताणा. खालून वारं फिरलं पाहिजे, शीटवर नुसती पसरून उपयोग नाही. हाच तुमचा माळा, मावशी.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक (बांबूचा पडदा) किंवा नेट लावा. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जा अडवू शकत नाही, आणि आतला पडदा म्हणजे ऊन काच ओलांडून आत आल्यावर दार लावणं. रात्री बाहेर २६ असताना खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा, समोरचं दार उघडा. गरम हवा ढकला, गार हवा आपोआप आत येईल.

लक्ष्मीपुरी_वायरमन | १६ एप्रिल, सकाळी १०:१०

एसीचं ठरलं तर पंख्याच्या लाइनवर जोडू नका. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर मिमीची वायर, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग तपासून. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतं. पंखे जुने असतील तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घ्या. जुना ७५ वॅट खातो, हा ३०. रोज १५ तास धरलं तर एका पंख्यामागं महिन्याला २० युनिट वाचतात.

कळंबा_रिंगरोड | १६ एप्रिल, दुपारी १:४५

नेट लावायला निघालो तर आईनं गच्चीत कुरडया आणि सांडगे घातलेत. नेटखाली वाळणार नाहीत म्हणते. आणि बिलाचं कोणीच सांगितलं नाही. सध्या १८० युनिट येतात. ३०० च्या वर गेलं की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो असं शेजारी म्हणाले.

लक्ष्मीपुरी_वायरमन | १६ एप्रिल, दुपारी २:१५

तसं नसतं. १०० पर्यंतच्या युनिटना पहिला दर, १०१ ते ३०० ना दुसरा. ३०० ओलांडल्यावर फक्त वरच्या युनिटना वरचा दर. दीड टन इन्व्हर्टर रात्री ८ तास, २६ वर ठेवून सोबत पंखा, तर दिवसाला ६ ते ८ युनिट धरा. एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, १८ वर ठेवू नका.

स्वाती_कसबा_बावडा | १६ एप्रिल, दुपारी २:३०

आईंना नेटच्या बाहेरची पूर्वेची बाजू द्या. नेट फक्त बेडरूमवर हवी, सगळ्या गच्चीवर नाही.

गडहिंग्लजकर | १६ एप्रिल, रात्री ८:०५

त्या काळ्या शीटचा चौरस फुटाला काय दर पडला? आमची पण गच्ची गळते.

सिव्हिलवाली | १६ एप्रिल, रात्री ८:२०

दादा, शीटच घालायची असेल तर वरून अॅल्युमिनियमचा थर किंवा पांढरी खडी असलेली मागा. उघडी काळी घेऊ नका. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

कळंबा_रिंगरोड | २० एप्रिल, रात्री ११:१५

अपडेट. शुक्रवारी नेट आणि गोणपाट झालं, आई पूर्वेच्या बाजूला सरकली. खिडकीला बाहेरून चिक लावली, टेबलफॅन उलटा केला. आज अकराला खोलीत ३०, आणि छताला हात ठेवता येतो. बाळ काल सलग चार तास झोपलं. बायको रडली, खरंच. डॉक्टरांनी घामोळ्याला फक्त सैल सुती कपडे आणि अंग कोरडं ठेवायला सांगितलं.

ऑफर सोडली. ठेकेदारानं गॅरंटीचं लिहून दिलं नाही, फोन उचलत नाही. तरी मी कोटिंग करून घेणार, पुढच्या सोमवारी माणूस येतोय, प्रायमरसकट. त्यानंतरही बाळाला त्रास झाला तर १ टन घेईन. सिव्हिलवाली ताई, तुम्ही विचारत होता तेव्हा मी वैतागून उत्तरं दिली. माफ करा.

सिव्हिलवाली | २० एप्रिल, रात्री ११:३८

चार तास वाचून बरं वाटलं. नवरा-बायको दोघंही आज झोपा.

सोमवारच्या माणसाला सांगा, आधी शीट ब्रशनं धुवायची, पूर्ण वाळू द्यायची, दुसरा हात पहिला सुकल्यावरच. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी काम नको. आणि जूननंतर ते कोटिंग ओलं झालं की घसरतं, आईंना पावसात एकट्यानं वर जाऊ देऊ नका.