युद्धकथेत घड्याळ आधी दाखवावं की लपवावं?

बंदरकाठ: दीड हजार शब्दांच्या युद्धकथेत लेखक शेवटचा स्फोट जिवापाड लपवतात आणि तिथेच फसतात. लपवलेल्या स्फोटाने वाचक एकदा दचकतो, आधी सांगितलेला त्याला पानभर छळतो. आपल्या मुंबईच्या गोदीचंच घ्या. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज. धूर दिसला दुपारी दोनच्या सुमारास, पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी. पहिल्याच ओळीत ४:०६ सांगून टाका. मग बंबवाल्याने होज सरळ केला, एवढंसं वाक्यही चटका देतं. शब्दांचा हिशेब: पहिला दीड तास चारशेत, पुढचा अर्धा तास पाचशेत, शेवटची सहा मिनिटं सहाशेत. बहुतेकांचं उलटं होतं. गोदीच्या वर्णनातच हजार शब्द संपतात.

चाळकरी: साफ असहमत. वेळ कळली की वाचक घड्याळ बघत बसतो, माणसं नाही. ‘३:५०’, ‘३:५८’ असे उपमथळे म्हणजे लोकलचं वेळापत्रक. त्या जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी खाली होत्या, स्फोटकं वर. पाणी ओतावं तशा जळत्या गाठी तरंगत स्फोटकांकडे सरकणार. चढतं पाणी हेच घड्याळ, आकडा कशाला?

बंदरकाठ: म्हणजे वर स्फोटकं आहेत हे तुम्हालाही आधी सांगावंच लागणार! नाहीतर चढत्या पाण्याने वाचकाला हायसं वाटेल.

शिवडीची वाचक: दोघंही आराखड्यातच अडकलात. कथा सांडते ती वाक्यांत. ग्रेनेडचा लिव्हर, म्हणजे मुठीत दाबून धरलेली पट्टी, सुटल्यावर तो फुटेपर्यंत साधारण चार-पाच सेकंद मिळतात. मनात वाचण्याचा वेग सेकंदाला तीन-चार शब्द धरला, तर तेवढ्यात पंधरा-वीस शब्द बसतात. लोक तिथे गावच्या आईची दीडशे शब्दांची आठवण आणतात. क्षण ताणायला हरकत नाही, पण हाताला आणि कानाला जे लागतं त्यानेच: लिव्हर दगडावर वाजला, बोटांत रिकामी पिन राहिली. आई हवीच असेल तर दोन पानं आधी आणा, इथे तिची एक खूण पुरे. आणि ‘अचानक’ खोडाच. तो शब्द स्फोटाची आगाऊ वर्दी देतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याचा फायदा घ्या: ‘दाराच्या फटीतून, आधी नळी, मग बोटं, मग मनगट आलं.’ नुसत्या तीन-तीन शब्दांच्या वाक्यांनी मात्र वेग येत नाही, टकटक होते. आधी एक लांब, दम न घेऊ देणारं वाक्य हवं, मगच तुकडा टोचतो.

चाळकरी: हे पटलं. डोंगरातल्या लढाईत तर निसर्गच मोजून वेळ देतो. तीन किलोमीटरवर तोफेचा लखलखाट दिसला की आवाज साधारण नऊ सेकंदांनी पोचतो. त्या नऊ सेकंदांत जवानाला श्वास रोखून ठेवा.

बंदरकाठ: जपून! वेगवान गोळा तोफेच्या आवाजाआधीही येऊन पडू शकतो. आवाज ऐकून खाली वाकणारा जवान दिसला की जाणकार वाचक तिथेच कथा मिटतो.

शिवडीची वाचक: गोदीच्या कथेत तुमच्या भांडणाचा तोडगा आहेच. ४:०६ नंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. पहिला सांगा, दुसरा लपवा. मदतीला माणसं धावतात तेव्हा वाचक सैलावलेला असतो.

चाळकरी: मुंबईकराला दुसराही ठाऊक असतो, बाई.

शिवडीची वाचक: त्याला ठाऊक असेल. धावत येणाऱ्यांना नाही ना!