मेंदूचे ‘उत्तेजन’ की ‘उद्दीपन’?

म्हापशाहून, मूळ प्रश्न
अपस्मार असलेल्या ज्या लहान मुलांचे झटके योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही थांबत नाहीत, त्यांच्या पालकांसाठी मी ‘नॉन-इन्व्हेझिव्ह ब्रेन स्टिम्युलेशन’ (कापाकापी न करता मेंदूवर बाहेरून परिणाम घडवणे) या उपचारांविषयी मराठी माहितीपत्रक करीत आहे. डोक्यावर इलेक्ट्रोड ठेवून १ ते २ मिलिअँपिअर प्रवाह सोडणे, किंवा डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय स्पंद देणे, असे हे उपचार असून लहान मुलांबाबत ते अजून अभ्यासाच्याच टप्प्यावर आहेत. त्यांना ‘अनाक्रमक मेंदू-उत्तेजन’ आणि या मुलांच्या आजाराला ‘औषधांना दाद न देणारा अपस्मार’ म्हटले तर चालेल का?

फोंड्याहून
‘अनाक्रमक’ ऐकून संथ खेळणारा फलंदाज आठवतो आणि ‘उत्तेजन’ म्हटले की उत्तेजनार्थ बक्षीस. शिवाय झटक्याच्या उगमाच्या जागी ऋण इलेक्ट्रोड ठेवतात तो तेथील पेशींना शांत करण्यासाठी, आणि सेकंदाला एक या संथ गतीने दिलेल्या चुंबकीय स्पंदांचा हेतूही तोच असतो. ‘विनाछेद मेंदू-उद्दीपन’ म्हणावे.

पेडण्याहून
सर, उद्दीपन म्हणजेही पेटवणेच की! आणि ‘औषधांना दाद न देणारा’ असा लांबलचक प्रयोग करण्यापेक्षा ‘औषधरोधी’ हा सुटसुटीत शब्द का नको?

मडगावहून
कारण ‘दाद न देणे’ आजीलाही कळते. मी मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. ‘विजेचा सौम्य झटका’ असे शब्द वाचून एका आईने विचारले होते, “झटके येतात म्हणून पोराला आणले, आणि तुम्ही आणखी झटके देणार?” तेव्हा आजाराला ‘फीट’ म्हणावे, विजेसाठी ‘क्षीण प्रवाह’ लिहावे आणि ‘शॉक’ तर चुकूनही लिहू नये, कारण तो शब्द मनोरुग्णांच्या उपचाराशी जोडला गेला आहे.

पेडण्याहून
‘आकडी’ असताना ‘फीट’ कशाला? गोव्यात मराठी टिकवायची ती इंग्रजी शब्द घेऊन का?

मडगावहून
आमच्याकडे ‘आकडी’ तापात येते. आणि काही मुलांचे अंग मुळीच आखडत नाही. हातातला घास तसाच राहतो, मूल काही क्षण शून्यात पाहत बसते आणि पुन्हा जेवू लागते. त्याला आकडी म्हणून कसे चालेल?

फोंड्याहून
म्हणूनच ‘अपस्मार’ नेमका आहे. चरकानेही स्मृतीचे जाणे हेच लक्षण धरले आहे.

पेडण्याहून
पण शुद्ध न हरपता नुसता एक हात उडतो, त्या प्रकारात स्मृती कुठे जाते? मग ‘फेफरे’ हा देशी शब्दच बरा.

मडगावहून
‘फेफरे’ शिवीसारखे वापरतात, सर. मुलाच्या आईसमोर तो शब्द उच्चारून पाहा.