'कोठवर' विचारणंही स्तुतीतच येतं
दुःखात देवाकडे तक्रार करणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं एकांनी म्हटलंय. मला नाही पटत. बायबलमधलं स्तोत्र 13 काढून पाहा. पहिल्या 2 वचनांतच स्तोत्रकर्ता दावीद राजा देवाला 4 वेळा विचारतो, कोठवर (किती काळ)? आणि शेवट गाण्यानं करतो; मधे शत्रू हटल्याचा उल्लेख कुठेच नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं (तरी कुणी ते बायबलमधून वगळलं नाही!).

बायबलमध्येच, फिलिप्पै शहराच्या तुरुंगात येशूचे प्रचारक पौल आणि सीला मध्यरात्री देवाची स्तुती गात होते, तेव्हा पाय खोड्यात होते, फटक्यांच्या जखमा तशाच. त्या धुतल्या गेल्या नंतर, त्याच रात्री भूकंप झाल्यावर.

आईच्या आजारपणात माझ्या तोंडून गाणं निघायचं नाही. स्तोत्र 13 तेवढं मोठ्यानं वाचायचो, बरेचदा पहिल्या 2 वचनांपर्यंतच.