मदत हवी: गोळी झाली, पथ्य झालं, तरी कोलेस्टेरॉल २६८

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. तीन महिन्यांमागं कोलेस्टेरॉल २८४ आलं होतं. डॉक्टरांनी गोळी दिली, तेलतूप कमी करा म्हणाले. सगळं केलं. परवा परत तपासलं तर २६८. तीन महिने जिभेला लगाम घालून उतरलं किती, तर १६. बायको म्हणते डॉक्टर बदला, मेहुणा म्हणतो काढा घ्या. वीटभट्टीचा सीझन तोंडावर आलाय, खानापूर-बेळगाव हेलपाटे घालायला सवड नाही. कुणाचं लवकर उतरलं असेल तर काय केलं ते सांगा. लांबण नको.

टिळकवाडीकर
२६८ हे टोटल की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल? एचडीएल, म्हणजे चांगलं, ते किती? रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड, ती किती? वय? शुगर, बीपी? नुसत्या एका आकड्यावर कुणी काही सांगू शकणार नाही.

घाण्याचं_तेल
रिफाइंड तेल आजच्या आज बंद करा. आमच्या घरी चार वर्षं लाकडी घाण्याचं शेंगतेल आहे. त्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसतं.

लॅबमधला
दादा, कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात नसतं, रिफाइंडमध्येही नसतं. ते प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांत असतं आणि आपलं यकृत स्वतः तयार करतं. तेलाचं बघायचं तर सॅच्युरेटेड फॅट किती ते बघा, आणि महिन्याला घरात किती लिटर संपतं ते बघा. शेंगतेल चांगलंच आहे, पण ते जास्त ओतून कोलेस्टेरॉल उतरत नाही.

घाण्याचं_तेल
मी माझा अनुभव सांगितला. माझं २३० चं १९० झालं.

टिळकवाडीकर
त्या चार वर्षांत आणखी काय बदललं? वजन? चालणं?

घाण्याचं_तेल
वजन ९ किलो उतरलं. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालतो.

आक्का_निपाणी
मग तेलाबरोबर त्या चालण्यालाही श्रेय द्या की. धागा काढणारे भाऊ, तुम्ही पथ्य म्हणजे नेमकं काय केलंत? सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत काय पोटात जातं ते लिहा. माझ्या मालकांचं मी दोन वर्षं सांभाळतेय, त्यावरून विचारते.

मलप्रभाकाठ
टोटल २६८. एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल १९७. वय ४१. शुगर, बीपी नॉर्मल. वजन ७० च्या आसपास, पोट नाही. भट्टीवर दिवसभर पायांवर असतो, त्यामुळं व्यायाम होतोच.
आक्का: सकाळी चहा-खारी. दुपारी भाकरी, भाजी, भात. संध्याकाळी परत चहा-खारी. रात्री भात-आमटी. तूप बंद, अंडी बंद. मटण फक्त रविवारी. कुंदा तर चाखलापण नाही, पाहुण्यांनी आणलेला डबा तसाच शेजारी दिला.

आक्का_निपाणी
भाऊ, खारी दोन्ही वेळेला? बेकरीतून आणलेली खारीची कागदी पिशवी रिकामी झाली की उजेडाकडं धरून बघा. तळाशी कागद आरपार दिसायला लागलेला असतो. ते तूप डब्यातलं नाही म्हणून डोळ्यांना दिसत नाही एवढंच. तुम्ही घरचं एक चमचा तूप सोडलंत आणि डालड्याची खारी चालू ठेवलीत. आमच्याकडं हेच झालं होतं, म्हणून इतकं ठामपणे सांगते. खारीच्या जागी फुटाणे ठेवा, नाहीतर अर्धी भाकरी. भाकरीबरोबर मटकी, मसूर, चवळी यातलं काही रोज. भात कमी आणि आमटी दाट. ओट्स परवडत असतील तर खा, नाहीतर जव आणून दळून पिठात घाला, त्यातही तोच विरघळणारा तंतू असतो.

जुनी_हाडं
इतकं घाबरायचं काही कारण नाही. माझे आजोबा कडोलीला होते, ९२ वर्षं जगले. रोज लोण्याचा गोळा खायचे. कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. गोळ्यांनी लिव्हर जातं ते कुणी सांगत नाही.

लॅबमधला
तुमच्या आजोबांचं कोलेस्टेरॉल कधी कुणी तपासलं होतं का? कदाचित १५० असेल. एक माणूस ९२ जगला यावरून एलडीएल १९७ असलेल्या माणसाला गोळी सोड म्हणून सांगणं बरोबर नाही. आणि स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांनी, यकृताला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ आहे. तरीही खबरदारी म्हणून गोळीआधी एसजीपीटी ही यकृताची तपासणी बघतात.

जुनी_हाडं
मी गोळी सोडा असं म्हटलं नाही. माहिती दिली.

दुधी_रस
रोज सकाळी उपाशीपोटी एक ग्लास दुधीचा रस, त्यात चार तुळशीची पानं. ४० दिवसांत फरक. अर्जुनसालीचा काढाही चालेल.

संकेश्वर_मेडिकल
दुधीचा रस घेणाऱ्या सगळ्यांना विनंती: आधी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर रस टाकून द्या, घोटभरही पिऊ नका. कडू दुधीनं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत.
आता मूळ प्रश्न. माझं औषधांचं दुकान आहे. दादा, गोळी कुठली आणि किती पॉवरची? रोज घेता का? हे तुम्ही अजून लिहिलेलंच नाही.

मलप्रभाकाठ
ॲटोर्व्हास्टॅटिन २०. कोर्स पूर्ण केला.

संकेश्वर_मेडिकल
कोर्स म्हणजे? ही तापाची गोळी नव्हे. शेवटची गोळी कधी घेतलीत?

सायकल_चिकोडी
मध्येच विचारतो, गुडघेदुखी असेल तर चालण्याऐवजी सायकल बरी का? मी चिकोडीहून रोज १२ किलोमीटर मारतो आणि माझे ट्रायग्लिसराइड ३१० चे १८० झाले.

टिळकवाडीकर
बरी आहे. पण त्यांचा प्रश्न एलडीएलचा आहे. व्यायामानं ट्रायग्लिसराइड छान उतरतं, एलडीएलवर परिणाम थोडाच होतो. त्यांचं पोट नाही, शुगर नाही, तरी एलडीएल १९७. इथं काहीतरी दुसरं आहे.

मलप्रभाकाठ
महिन्याची गोळी दिली होती, ती संपवली. पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या होत्या म्हणून परत आणली नाही. डॉक्टर कन्नडमध्ये सांगत होते, माझं कन्नड बाजारापुरतं. त्यांनी "मूरु तिंगळु" म्हटलेलं कळलं, म्हणजे तीन महिने. मला वाटलं महिनाभर गोळी आणि तीन महिने पथ्य. पण गोळीचा गुण राहतो की नाही?

संकेश्वर_मेडिकल
नाही राहत, दादा. गोळी बंद केली की काही आठवड्यांत आकडा मूळ जागी येतो. म्हणजे तुमचा परवाचा रिपोर्ट गोळी घेणाऱ्या माणसाचा नाहीच. ही २० ची गोळी रोज पोटात गेली असती तर एलडीएल साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरायला हवं होतं. पहिल्या रिपोर्टमध्ये एलडीएल किती होतं?

मलप्रभाकाठ
२०९.

संकेश्वर_मेडिकल
मग गोळीवर ते १२५ च्या आसपास दिसलं असतं. तीन महिन्यांनी परत तपासा असं ते म्हणाले असतील. म्हणून गोळी लागू पडली नाही असं धरून डॉक्टर बदलू नका. पायाचं दुखणं मात्र त्यांना सांगायलाच हवं होतं. दुखणं गोळीमुळं आहे का हे बघायला सीके नावाची रक्ततपासणी असते. त्यावरून डोस कमी करतात, दुसरा स्टॅटिन देतात, नाहीतर एझेटिमाइब नावाची वेगळी गोळी जोडतात. लघवी गडद तपकिरी झाली असेल तर वाट न बघता आजच दाखवा.

लॅबमधला
आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, केलीय का? थायरॉइड कमी असलं की एलडीएलही वाढतं आणि पायही दुखतात. त्यात स्टॅटिन घेतला तर स्नायू जास्त दुखू शकतात. ही तपासणी फार जणांची राहून जाते.

टिळकवाडीकर
एलडीएल १९० च्या वर म्हटल्यावर पहिला प्रश्न मीच विचारायला हवा होता. घरात कुणाला लहान वयात हार्टचा त्रास? वडील, काका, भाऊ? डोळ्यांच्या पापण्यांजवळ पिवळसर चट्टे, टाचेमागच्या शिरेवर गाठ असं कुणाला?

मलप्रभाकाठ
वडील ४६ व्या वर्षी गेले. भट्टीवरच, दुपारी जेवून बसले होते. हार्ट अटॅक म्हणाले. धाकट्या काकांना ५० ला झाला, ते वाचले. मला वाटलं हे तंबाखूमुळं. वडील तंबाखू खायचे, मी खात नाही. म्हणून लिहिलं नाही.

आक्का_निपाणी
भाऊ. हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

टिळकवाडीकर
तंबाखूनं भर घातली असेलच. पण ४६ ला वडील, ५० ला काका आणि तुम्ही सडपातळ असून एलडीएल २०९, ही वाट आनुवंशिक कोलेस्टेरॉलकडं जाते. यात यकृत रक्तातलं एलडीएल पुरेसं उचलत नाही. जगात अंदाजे अडीचशे माणसांत एकाला हे असतं. खारी सोडा, चाला, पण यात नुसत्या पथ्यानं भागत नाही, गोळी लागते आणि ती कायमची. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. तुम्हाला भाऊ-बहीण?

मलप्रभाकाठ
एक भाऊ, पुण्यात. ३४ चा. त्यानं कधी तपासलेलं नाही.

जुनी_हाडं
आज रात्रीच फोन करा त्याला. मी वर आजोबांचं लिहिलं ते तुमच्या बाबतीत धरू नका.

सीमेवरचा
डॉक्टरांपुढं भाषेनं अडू नये म्हणून देतो. कागदावर लिहून न्या आणि वाचून दाखवा: "अप्पगं हार्ट अटॅक आगित्तु." वडिलांना अटॅक आला होता. "गुळिगी बिट्टीनि, काल नोवु इत्तु." गोळी सोडलीय, पाय दुखत होते. आणि ते काय म्हणाले ते तिथंच मराठीत लिहून घ्या. बेळगावात बहुतेक दवाखान्यांत मराठी समजणारं कुणीतरी असतं, सिस्टरना विचारायला लाजू नका.

मलप्रभाकाठ
मंडळी, जाऊन आलो. सिस्टर अनगोळच्या निघाल्या, त्यांनी सगळं मराठीत समजावलं. सीके नॉर्मल, टीएसएच नॉर्मल. गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन १० दिलीय, दहा आठवड्यांनी परत तपासायचं. भावानं पुण्यात तपासलं. एलडीएल २०३. तो फोनवर बराच वेळ बोललाच नाही.
माझा मुलगा ११ चा आहे. डॉक्टर म्हणाले त्याचंही एकदा बघा. सोमवारी नेतोय.

आक्का_निपाणी
पोराला उपाशी न्यावं लागतं का? ते आधी विचारून घ्या, शाळेचं पोर सकाळी भूक काढत नाही.

लॅबमधला
पहिल्या तपासणीला बहुतेक वेळा उपाशी नसलं तरी चालतं. नाश्ता देऊन, पाणी पाजून आणा. पाणी प्यालं असलं की शीर लगेच सापडते, दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही.