मदत हवी आहे: कर्नलचा लॉग २ सेकंद म्हणतो, स्कोप ३.४ म्हणतो

रबाळे_बेंच:

नमस्कार मंडळी. चार दिवस एकाच जागी अडकले आहे. आमच्याकडे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हात घालणारी मी एकटीच, म्हणून इथे विचारते. लांबण लागेल, पण सगळे आकडे देते.

रबाळे एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. बसच्या ड्रायव्हरसमोर लागणारा डिस्प्ले बनवतो, रिव्हर्स टाकला की मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा. ग्राहकाची अट आहे की चावी फिरवल्यापासून २ सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे. अट मला मनापासून पटते. पहाटे डेपोत गाड्यांच्या मागे माणसं उभी असतात, ड्रायव्हर चावी फिरवतो आणि लगेच रिव्हर्स टाकतो. तेव्हा स्क्रीन काळी असून चालणार नाही.

बोर्डवर ६४ बिट आर्म प्रोसेसर, १ जीबी रॅम, ईएमएमसी (साठवणीची मेमरी), यू-बूट (लिनक्स उचलून सुरू करणारा बूटलोडर) आणि लिनक्स. लॉगमध्ये पहिलं चित्र उमटल्याची ओळ २.०० सेकंदाला येते. ते बघून सगळे खूश झाले. मग मी स्कोपचा (ऑसिलोस्कोप, व्होल्टेज कधी बदलतं ते दाखवणारं यंत्र) एक प्रोब १२ व्होल्टच्या वायरवर आणि दुसरा बॅकलाइटच्या पिनवर लावला. ३.४० सेकंद. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

मधल्या १.४० चा अर्धाअधिक हिशोब लागला आहे. लॉगच्या सुरुवातीच्या सगळ्या ओळींवर ०.०००००० असा एकच शिक्का आहे. टायमरची नोंदणी होईपर्यंत कर्नलकडे वेळ सांगायला फक्त जिफीज (टायमरच्या प्रत्येक इंटरप्टला एकने वाढणारी मोजणी) असतात, आणि इंटरप्ट बंद असल्यामुळे त्या जागच्या हलत नाहीत. नोंदणी झाली की तिथे शून्य धरून मोजणी सुरू होते. म्हणजे लॉगमधलं शून्य हे ना करंट आल्याचं, ना कर्नल सुरू झाल्याचं.

आर्मचा जेनेरिक टायमर (प्रोसेसरमधला ठरावीक वेगाने वाढणारा काउंटर) मात्र त्याच्या खूप आधीपासून मोजत असतो. आमच्या बोर्डवर तो एसपीएल (यू-बूटचा आधी चालणारा छोटा भाग) सुरू करतं. म्हणून मी काउंटर दोन ठिकाणी वाचला. कर्नलमध्ये इतक्या लवकर जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणारी पिन) हलवता येत नाही, रजिस्टरचा पत्ता मॅपच झालेला नसतो. त्यामुळे पिन एसपीएलच्या पहिल्या ओळीत वर केली आणि यू-बूटच्या शेवटच्या ओळीत, कर्नलमध्ये उडी मारण्याआधी, खाली केली. काउंटरला मॅपिंग लागत नाही, तो कुठेही वाचता येतो.

यू-बूटच्या शेवटी काउंटर ३,००,००,०००. लॉग सांगतो २४ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.२५० सेकंद. तिथून टायमरच्या नोंदणीपर्यंत आणखी २४,००,०००, म्हणजे ०.१००. पुढे लॉगचे २.००. बेरीज ३.३५. करंट आल्यापासून एसपीएल सुरू होईपर्यंतचे, म्हणजे बूट रॉम (चिपमध्येच कोरलेला पहिला कोड) वगैरेचे, ०.१८ स्कोपवर दिसतात.

आता अडचण. ३.३५ अधिक ०.१८ म्हणजे ३.५३ व्हायला हवेत, स्कोप ३.४० दाखवतो. आणि पिन वर होऊन खाली येईपर्यंत स्कोपवर १.२०० आहेत, १.२५० नाहीत. कुठेतरी ठरावीक उशीर होत असता तर फरक सगळीकडे सारखा आला असता. इथे यू-बूटपर्यंत ०.०५ आहे आणि चित्रापर्यंत ०.१३. वाढत जातो. फिजिकल आणि व्हर्च्युअल काउंटर एकच आकडा देतात, तेही तपासलं. स्कोप दुसरा आणून पाहिला.

संबंध नसेल, तरी सांगून ठेवते: या नव्या लॉटवर इथरनेटचा लिंक येत नाही (हार्डवेअरवाले बघताहेत), त्यामुळे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) कधी चाललेलंच नाही. आणि सीरियल कन्सोलवर अधूनमधून कचरा अक्षरं येतात, केबल बदलूनही.

काय चुकतंय?

खाडीकाठ:

ताई, मांडणी नेटकी आहे. आधी एक विचारतो, अर्ली कन्सोल (कर्नलच्या अगदी पहिल्या ओळी सीरियलवर पाठवणारी सोय) चालू ठेवून मोजलंत का? ११५२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांची एक ओळ सुमारे ७ मिलिसेकंद खाते, आणि तेवढा वेळ प्रोसेसर ती ओळ बाहेर पडण्याची वाट पाहत थांबतो. तुमच्या ०.१०० मध्ये बराचसा वेळ हाच असू शकतो.

माझं काम एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) वर. तिथेही पूर्वी अशीच शून्यांची रांग असायची. २०१८ च्या ४.१९ कर्नलपासून टीएससी (प्रोसेसरमधला काउंटर) लवकर वापरात येतं आणि शिक्के जवळपास सुरुवातीपासून खरे पडतात. पण तिथे कर्नल टीएससीची वारंवारता प्रोसेसरलाच विचारतो, नाहीतर ११,९३,१८२ हर्ट्झच्या जुन्या पीआयटी टायमरशी ताडून बघतो. आर्मवर २४ मेगाहर्ट्झ हा आकडा कोण ताडून बघतं?

जुना_फर्मवेअरवाला:

कोणीच नाही, आणि गाठ तिथेच आहे.

१.२५० ला १.२०० ने भागा. २५/२४ येतात. स्कोपच्या ३.४० मधून ०.१८ वजा केले की ३.२२ उरतात; ३.३५ ला ३.२२ ने भागा, जवळपास तेच.

आर्मवर वारंवारतेचं रजिस्टर हे मोजण्याचं साधन नाही. फर्मवेअर त्यात एक आकडा लिहून ठेवतं आणि कर्नल तो मुकाट्याने मानतो. काउंटरला टिक-टिक देणारा क्रिस्टल खरोखर किती वेगाने हलतोय हे त्या रजिस्टरला कळायला मार्ग नाही. रिझोल्यूशन ४१ नॅनोसेकंद असं लॉगमध्ये लिहिलेलं असतं ना, तेही त्याच आकड्याला भागून काढलेलं. तुमचा काउंटर २५ मेगाहर्ट्झने पळतोय.

स्कोपशिवाय तपासा. बोर्डवर आरटीसी (तारीख-वेळ ठेवणारी वेगळी घड्याळ-चिप) असेल तर त्याचा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल वेगळा असतो. आरटीसी आणि सिस्टिम टाइम दोन्ही एकदा वाचा, दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. आरटीसीवर ६०० सेकंद होतील तेव्हा कर्नलच्या घड्याळात ६२५ झालेले दिसतील.

आणि तुम्ही संबंध नसेल म्हणालात, पण इथरनेटच्या फायला (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपला) बहुतेक वेळा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो. भिंग घेऊन दोन्ही क्रिस्टलवरचे आकडे वाचा.

रबाळे_बेंच:

हात थरथरत होते लिहिताना. आरटीसी ६००, सिस्टिम टाइम ६२५. तासाला अडीच मिनिटं पुढे पळणारं घड्याळ, आणि आम्ही त्यावर मिलिसेकंद मोजत होतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर भिंगाखाली बोर्ड धरला. दोन्ही क्रिस्टल एकाच आकाराचे, तांदळाच्या दाण्याएवढे चंदेरी डबे. प्रोसेसरशेजारच्यावर २५.०००, फायशेजारच्यावर २४.०००. असेंब्लीत अदलाबदल झालेली. लॉटमधले आणखी पाच बोर्ड पाहिले, पाचही तसेच. सीरियलचा बॉड रेटही त्याच क्रिस्टलवरून येतो, म्हणजे तोही ४ टक्के पुढे होता. कचरा अक्षरांचं कोडंही सुटलं.

आज सकाळी हॉट एअरने एका बोर्डवर क्रिस्टल आपापल्या जागी लावले. लिंक पहिल्या झटक्यात आला. कन्सोल स्वच्छ. पिनवर १.२५० आणि काउंटरवरही १.२५०. खाडीकाठ, तुमचंही बरोबर निघालं: अर्ली कन्सोल बंद केल्यावर ०.१०० चे ०.०३ झाले.

पण चावीपासून चित्रापर्यंत आता ३.४६ लागतात. प्रोसेसर इतके दिवस ४ टक्के जास्त वेगाने पळत होता, तो फायदा गेला. ग्राहकाला आजच फोन करून खरा आकडा सांगितला, कारण २.०० मी स्वतः त्यांना कळवला होता.

आता सगळ्यात मोठा घास यू-बूटचा, १.२५. बूट डिले आधीच शून्य आहे. एसपीएलमधून थेट कर्नल उचलायचा, म्हणजे फाल्कन मोड, असं वाचलं आहे. ६४ बिट आर्मवर कोणी उत्पादनात वापरला आहे का? डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) यू-बूट ऐनवेळी जे बदल करतं, रॅमचा आकार, मॅक ॲड्रेस, ते फाल्कनमध्ये तुम्ही कुठे केलेत? आणि चुकीची इमेज पडली तर परत यू-बूटमध्ये यायची वाट कशी ठेवलीत?