दूध काढायच्या खोलीला पुरावा लागतो, मग मुलांची चरबी मोजायला का नाही?

पाटीपेन्सिल:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, लिहूनच टाकते. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला दूध काढायला खोली आणि वेळ द्या म्हटलं की लगेच विचारतात, याचा फायदा सिद्ध झालाय का, रजा किती वाचतील, खर्च कोण करणार. आणि दुसरीकडे तेरा वर्षांच्या पोरीच्या दंडाला, पोटाला कॅलिपरचा, म्हणजे कातडीखालची चरबी मोजायचा, चिमटा लावून तिचं फॅट पर्सेंट सगळ्या टीमसमोर वाचतात, तेव्हा कोणी विचारत नाही की अशाने ती जास्त जोरात पळते हे कोणी दाखवलंय. पुरावा चुकीच्या ठिकाणी मागितला जातोय असं माझं स्पष्ट मत आहे. खोली दिल्याने कोणाचं काही बिघडत नाही, चिमट्याने बिघडू शकतं.

आणि दूध पाजायला कामातून वेळ ही काही नवी मागणी नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या मातृत्व करारात दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास लिहिलेला आहे, २००० च्या करारात तर तो वेळ कामाचाच धरून पगार द्यायचा असंही आहे. शंभर वर्षं उलटून गेली, अजून सिद्ध करा म्हणायचं?

आकडेमोड:
ताई, भावना पटते पण मांडणी पटत नाही. कामाच्या ठिकाणच्या स्तनपान सुविधांवर कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २००७ आणि परत २०१२ मध्ये आढावा घेतला, दोन्ही वेळा निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. बाकी अभ्यास बहुतेक असे की जिथे सोय आहे तिथल्या बायका जास्त महिने पाजतात. पण सोय असलेल्या नोकऱ्या मुळात बऱ्या पगाराच्या, त्या बायकांकडे घरीही मदत असण्याची शक्यता जास्त, मग श्रेय खोलीला द्यायचं की पगाराला?

अजून एक, अंगावर पाजलं की मूल पुढे लठ्ठ होत नाही असं छातीठोक सांगतात. बेलारूसमध्ये १७,००० च्या आसपास आई-बाळांच्या जोड्यांवर मोठी चाचणी झाली, काही दवाखान्यांत स्तनपानाला नीट मदत दिली, काहींत नेहमीचंच चालू ठेवलं. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग मदतीच्या गटात ९.१ टक्के बाळांना झाला, दुसऱ्या गटात १३.२. हा खरा फायदा. पण मुलं साडेअकरा वर्षांची झाल्यावर चरबी मोजली तर मदतीच्या गटात ती कमी नव्हती. जे नाही ते सांगून मागणी केली की उद्या कोणीतरी हाच कागद तोंडावर फेकेल.

दुपारपाळी:
आकडेमोड, बेलारूसमध्ये आयांना लांबलचक रजा असते, म्हणजे त्या चाचणीत कामावर परतायचा प्रश्न जवळजवळ नव्हताच, ते विसरू नका. आमच्यासारख्या लाइनवर उभं राहणाऱ्यांचं वेगळं आहे. दूध जेवढं निघतं तेवढंच बनतं. पाच-सहा तास काढलं नाही की छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, कोणाला ताप भरतो, आणि असं रोज झालं की दूध आपोआप आटतं. घाईत, दाराला कडी नाही, बाहेर कोणी हाका मारतंय, अशा वेळी पान्हाच फुटत नाही हो. हे कळायला चाचणी कशाला? आणि नुसती खोली नको. खोली कुलूप लावून ठेवलेली मी पाहिलीये, किल्ली मागायला ज्याच्याकडे जायचं तोच उशीर झाला म्हणून बोलणार. आधी वेळ द्या, मग खोली.

मैदानकाका:
मी मुलांना कुस्ती शिकवतो म्हणून बोलतो. मोजणं म्हणजे छळ असं सरसकट म्हणू नका. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांत गेले, वजन उतरवायला घाम काढत होते. त्यानंतरच तिथे नियम आले, अंगात पाणी पुरेसं आहे का तपासा, चरबी मोजा आणि त्यावरून पोराने किती वजनाच्या खाली जायचंच नाही ते ठरवा. कॉलेजात ५ टक्के, शाळेत मुलांना ७ आणि मुलींना १२ ही खालची हद्द. म्हणजे मोजल्यामुळेच पोरं वाचतात. मोजायचं नाही तर मी काय नजरेने ओळखू?

पाटीपेन्सिल:
काका, तुमचं उदाहरण मला मान्य आहे, पण तिथे आकडा कुंपण म्हणून वापरलाय, याच्या खाली जायचं नाही. मी म्हणतेय ते उलटं चालतं, अजून दोन टक्के कमी कर मग टीममध्ये घेतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये रेड्सबद्दल, म्हणजे खाणं व्यायामाला पुरत नाही तेव्हा शरीर एकेक काम बंद करायला लागतं त्याबद्दल, जे मांडलं त्यातही १८ च्या आतल्या खेळाडूंची चरबी वैद्यकीय कारण असल्याशिवाय मोजू नये असंच आहे.

सांधेवाली:
फिजिओ आहे, थोडी भर घालते. मोजलेला आकडा तरी खरा असतो का? ज्या मशीनवर उभं राहून चरबीचे टक्के कळतात, त्यात पाणी कमी-जास्त प्यायलं तरी टक्के बदलतात. मोठ्यांसाठीची सूत्रं मुलांना लावली तर चरबी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, कारण वाढत्या अंगात पाणी जास्त आणि हाडातली खनिजं कमी असतात. म्हणजे पोरगी धडधाकट आणि कागद म्हणतो जाड. मग ती जेवण तोडते, पाळी थांबते, आणि हाडं भरायच्या वयातच हाडं कच्ची राहतात. नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा पाळीचं विचारते, बऱ्याच जणींना कोणी कधी विचारलेलंच नसतं. काका, उंची वाढतेय का, पाळी नियमित आहे का, झोप कशी आहे, एवढं विचारा, नजरेपेक्षा पुष्कळ जास्त कळेल.

मैदानकाका:
पाळीचं मी पुरुष प्रशिक्षकाने विचारायचं? पोरी दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद होतील. बाई मदतनीस पाहिजे, ती मिळत नाही. आणि वजनगटाच्या खेळात काटा सुटत नाही, ते मी सोडणार नाही. चारचौघांत आकडा वाचायचा नाही हे मात्र शंभर टक्के बरोबर.

आकडेमोड:
ताई, चिमट्याला पुरावा मागा याला माझा पूर्ण पाठिंबा. पण खोलीलाही मागा, फक्त प्रश्न बदला. द्यायची का, हा प्रश्न नकोच, तो हक्क आहे. किती वेळा, किती मिनिटं, बदली कोण, कशाने बाई खरंच टिकते, हे तपासा. नाहीतर दुपारपाळी म्हणतात तशा कुलूपबंद खोल्याच वाढतील.

छोटामालक:
सगळे मोठ्या ऑफिसचं बोलताय. माझ्याकडे आठ माणसं, एक उठली की मागचं काम तुंबतं आणि उरलेले कुरकुर करतात की आम्हाला का नाही सुट्टी. त्याचं काय?

दुपारपाळी:
दादा, वेळ आधीच ठरवून घ्या. रोज त्याच वेळी वीस-पंचवीस मिनिटं जाणार हे सगळ्यांना माहीत असलं की त्या वेळी तिच्या जागी उभं राहणारा नेमता येतो, अचानक उठून गेली तरच काम तुंबतं. आणि कुरकुरणाऱ्यांना तुम्ही मालक म्हणून सांगायचं, ते तिच्यावर टाकू नका.