कबुतरं सोडून दुसरं कोणी येईल का?

प्रश्न:
साताऱ्यात घरामागे जेमतेम अर्धा गुंठा जागा आहे. मार्चपासून कठड्यावर तांदूळ आणि बादलीभर पाणी ठेवतेय. येतात फक्त कबुतरं! पहाटेपासून घुटर्घूं, वाळवणावर घाण. बुलबुल तारेवर बसतो, बघतो आणि निघून जातो. सासूबाई म्हणतात, "कबुतरांचं अन्नछत्र उघडलंय हिने." काय चुकतंय?

प्रतिसाद १:
ताई, आधी तांदूळ बंद करा. बुलबुल दाण्यासाठी येत नाही, त्याला फळं आणि किडे हवेत. बादलीत तर पिल्लू बुडायचं. कुंडीखालची मातीची पसरट बशी घ्या, पाणी दोन बोटं, मध्ये खडबडीत दगड. दाट झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसते. रोज घासून पाणी बदला, नाहीतर डास होतील.

प्रतिसाद २:
कढीपत्ता आहे ना? सारखा छाटू नका, काळी फळं धरू द्या. आमच्याकडे बुलबुलाची जोडी त्यावरच असते. शिंजिर, म्हणजे फुलातला रस पिणारा इवलासा पक्षी, त्याच्यासाठी जास्वंद लावा. साखरपाण्याच्या बाटल्या नकोत.

प्रतिसाद ३:
चिमण्यांना ज्वारीचं कणीस तारेला टांगा. त्या लटकून खातात, कबुतराला ते जमत नाही. बघायला मजा येते.

प्रश्नकर्ती:
बशी ठेवली. पाचव्या दिवशी दयाळ पक्षी आला! आधी दगडावर बसून शेपटी उभारली, मग पोटापर्यंत पाण्यात. अर्धी बशी माझ्या मिरच्यांवर उडवली. बुलबुल अजून तारेवरच.